दुर्बिणीले लावलेलं कुंकू

त्या सकाळी कुंडम गावच्या रस्त्यावर मी चार वेळा तोंड उघडलं, अन् चारही वेळा जांभई दिली. खरं बोलायचं होतं. पण शब्द गळ्यापर्यंत यायचे अन् तिथूनच यू-टर्न मारायचे. चौथ्या जांभईले मॅडम आरशातून मले म्हणाल्या का, मिस्त्री, झोप झाली नाही वाटतं. मी म्हटलं, हो. झोप झालीच नव्हती, तेवढं एक वाक्य तरी खरं निघालं.

मी सुतार. जबलपुरात रांझीले माहं दुकान आहे. शाळा चौथीत सुटली. शाळेनं मले सोडलं का मी शाळेले, याच्यावर घरात अजून दोन मतं आहेत. हे पण मी बोलून राहिलो अन् बायको लिहून राहिली. ती बारावी पास आहे, म्हणून मधात मधात पेन थांबवून माह्याकडे अशी पाहते का मलेच वाटते, हे वाक्य खोडावं.

गाडी चालवून राहिल्या होत्या त्या मॅडम म्हणजे रिटायर झालेल्या विज्ञानाच्या मास्तरीण. त्यांचं मराठी पुस्तकातलं, माहं हे असं, पण आमचं जमते. त्यांच्या बाजूले बसले होते ते सर. देशभरात आकाश दाखवणारी, मास्तरांले शिकवणारी एक मोठी खगोल संस्था आहे, तिच्याकडून आले होते. मागच्या सीटवर मी, अन् माह्या मांडीवर एक गोल डबा. त्या डब्यात माहं पाप होतं.

आता हे नीट सांगतो, नाहीतर कोणाले काही समजणार नाही.

मॅडम कित्येक वर्षं त्या संस्थेले चिठ्ठ्या लिहीत होत्या का जबलपुरात एक केंद्र द्या. मोठ्या शहरांत आहेत, आमच्याकडे नाही. केंद्र झालं का दुर्बिणी मिळतात, मास्तरांले ट्रेनिंग मिळते, गावोगावच्या शाळांत जाता येते. शेवटी संस्थेनं एक दुर्बीण एका वर्षासाठी दिली. म्हणे, चालवून दाखवा. वर्ष संपत आलं होतं. सर एक कार्यक्रम आपल्या डोळ्यानं पाहाले आले होते. त्यांच्या एका कागदावर ठरणार होतं का दुर्बीण आमच्याकडे राहते का दुसऱ्या गावाले जाते.

मी याच्यात कसा घुसलो? दुर्बिणीसोबत लोखंडी तिपाई आली होती, ती वाऱ्यानंही हालायची. मॅडम म्हणाल्या, लाकडाचा मजबूत पाया करून द्या. मी केला. मंग त्याईनं मले त्याच्यातून चंद्र दाखवला. मी पाह्यलं, अन् उठून नळीच्या पुढच्या टोकाकडे गेलो, कोणी आत फोटू तर नाही चिकटवला. मॅडम एवढ्या हसल्या का त्याईनं मले तिथंच स्वयंसेवक करून टाकलं. बिल्ला दिला. तो मी महिनाभर उलटा लावून फिरलो.

मॅडमची शिकवायची रीत एकदम करडी. दिवसा सूर्य दाखवायचा असला का दुर्बिणीच्या तोंडावर एक फिल्टर बसते. चांदीसारखी पन्नी, पुठ्ठ्याच्या कड्यात ताणून बसवलेली. त्याईनं पहिल्या दिवशी मले दुकानासमोर उभं केलं, फिल्टर काढला, दुर्बीण सूर्याकडे केली, अन् जिथं डोळा लावतात तिथं कागद धरला. मी श्वास घेतला अन् सोडला, तेवढ्यात कागदातून धूर निघाला. मॅडम म्हणाल्या, "हा कागद म्हणजे मुलाचा डोळा. समजलं?" मी मान हालवली. समजलं होतं.

म्हणून त्यांचा एक नियम होता. दर वेळेस फिल्टर लावायच्या आधी तो दुर्बिणीपासून दूर न्यायचा, सूर्यासमोर धरायचा अन् त्याच्या आरपार पाहायचं. सूर्याचा फिक्का गोळा दिसला पाहिजे, बाकी अंधार. कुठं उजेडाचा ठिपका दिसला तर फिल्टर फेकायचा. अन् ज्यानं तपासलं, त्यानंच पहिले डोळा लावायचा. त्याच्यानंतर पोरं. दिवाळीपासून मी मॅडमच्या मागं लागलो होतो का तपासायचं काम मले द्या. उन्हाळ्यात त्याईनं दिलं. मले वाटलं, मी आता शिकलेला झालो.

मंग पावसात पायाचं लाकूड फुगलं. नळी वरखाली होईना. मी दुर्बीण दुकानात आणली, रंधा मारला, मेण घासलं, अशी गुळगुळीत केली का बोट लावलं तर फिरावी. तेवढ्यात खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी हत्याराची पूजा होते. करवत, रंधा, पटाश्या, गुण्या, गिरमिट, सगळे धुऊन पाटावर मांडायचे, झेंडूची फुलं वाहायची, हळद-कुंकू लावायचं. माहा बाप करायचा, मी करतो. त्या दिवशी मी पाह्यलं तर दुर्बीण कोपऱ्यात एकटी उभी. वर्षभर हिनं काम केलं, अन् हिले पूजा नाही? मले वाईट वाटलं. आता हत्याराले कुंकू लावायचं म्हणजे कपाळाले लावायचं. दुर्बिणीचं कपाळ कोणतं? मी डब्यातून फिल्टर काढून तिच्या तोंडावर बसवला, ती चांदीची पन्नी आरशासारखी चमकली, अन् मले वाटलं, हेच कपाळ. ओल्या बोटानं हळद लावली, त्याच्यावर कुंकू, त्याच्यावर दोन अक्षता. हात जोडले. म्हटलं, बाई, सरांसमोर लाज राख.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कुंकू पुसाले गेलो. कुंकू निघालं, हळद निघेना. ओला गमछा मारला, निघेना. मंग माही अक्कल चालली. लाकडाले पॉलिश करायचं स्पिरिट दुकानात असतेच. चिंधीवर घेतलं, अंगठ्यानं घासलं. हळद साफ. डाग नाही, काही नाही. मी बायकोले बोलावून दाखवलं.

तिनं पाह्यलं अन् म्हणे, "काहो, तिथं पन्नी पातळ दिसून राहिली."

मी म्हटलं, तुह्या डोळ्यात पातळ आहे.

"मंग उजेडासमोर धरून पाहा ना, मॅडम पाहतात तसं."

मी डब्याचं झाकण लावलं. खरं सांगतो, मी मुद्दाम नाही पाह्यलं. पाह्यलं नाही तर दिसत नाही, असा माहा हिशोब होता. चौथीपर्यंतचं गणित तिथंच संपते.

तर तो डबा मांडीवर घेऊन मी कुंडमकडे जाऊन राहिलो होतो. पुढं सर अन् मॅडम हिंदीत बोलत होते. मॅडमनं सकाळी सरांले खोव्याची जलेबी खाऊ घातली होती, ते खूश होते. सर म्हणत होते का, मोठ्या शहरांत लोक फोटू काढाले येतात, खरं काम अशा शाळांत आहे. मॅडमचा आवाज मी वर्षभर ऐकलेला, पण असा नाही. नव्या नवरीसारखा हलका झाला होता. अन् मी मागं बसून जांभया देऊन राहिलो होतो.

मले वाटलं होतं का शाळेत पोचल्यावर मॅडमले बाजूले घेऊन सांगन. पण शाळेत पोचलो तर सगळी शाळा अंगणात. पोरींच्या वेण्यांले लाल रिबिनी, पोरांच्या केसांले तेल, मास्तर इस्त्रीच्या कपड्यात. मॅडमले हार घातला, सरांले घातला, मलेही घातला. हार घालून कोणी आपलं पाप सांगते का?

पाया ठेवला, नळी चढवली. मॅडमनं डब्याकडे बोट केलं. "मिस्त्री, बघा जरा."

मी फिल्टर घेऊन शाळेच्या कोपऱ्यामागं गेलो. तिथं एक बकरी बांधेल होती, तिच्याशिवाय कोणी नाही. हात वर करून फिल्टर सूर्यासमोर धरला. मधोमध, जिथं मी कपाळ समजलो होतो तिथं, हरभऱ्याएवढी जागा पांढरी फटक दिसत होती, अन् तिच्या बाजूले दोन ठिपके, सुईसारखे. मी लगेच खाली केला. डोळ्यासमोर हिरवा गोळा नाचून राहिला.

परत आलो. तेव्हा सर वहीत काही लिहीत मॅडमले म्हणून राहिले होते, "ऐसा ही सेंटर चाहिए हमको, मॅडम." मॅडम माह्याकडे वळल्या. त्यांचं तोंड पाह्यलं असतं तर तुमीही तेच म्हटलं असतं. नाही, तुमी नसतं म्हटलं. मी म्हटलं.

"बराबर आहे."

त्याईनं माह्या हातून फिल्टर घेतला, नळीवर बसवला, बाजूनं टेप लावली. नळी सूर्याकडे केली, सावली पाहून नेम जुळवला. मंग बाजूले सरकल्या. नियम होता. ज्यानं तपासलं, त्यानं पहिले.

मी वाकलो. सुतार माणूस फळीची धार पाहाले एक डोळा मिटतेच. तो माहा रोजचा आहे. एक डोळा मिटला. मनात आलं, एक गेला तरी चालन, धंद्याले एकच लागते. पण तोंड जवळ नेलं अन् माही हिंमत जेवढी होती तेवढी संपली. मी दुसराही मिटला. दोन्ही डोळे मिटून मी संस्थेच्या सरांसमोर, मॅडमसमोर अन् सगळ्या शाळेसमोर वाकून उभा होतो. पापणीवर कोणी उदबत्ती जवळ धरावी तशी धग लागली. मी डोकं मागं ओढलं.

"दिसला?" मॅडमनं विचारलं.

"मस्त दिसला."

सर हसून म्हणाले, "कितने धब्बे दिखे, भैया?"

सूर्यावर काळे डाग असतात, ते मोजायचे असतात, हे मले माहीत होतं. कोणत्या दिवशी किती, हे कसं माहीत असन. मी म्हटलं, पाच. सरांचा पेन वहीवर थांबला. मॅडमनं सकाळीच मोबाइलवर सूर्याचा त्या दिवसाचा फोटू पाह्यला होता, त्याच्यात दोनच डाग होते. त्या माह्याकडे पाहाले लागल्या, रागानं नाही, गणित चुकलं का पोराच्या वहीकडे पाहतात तसं. त्या काही बोलणार, तेवढ्यात शाळेच्या बाईनं रांगेतली पहिली पोरगी उचलून स्टुलावर उभी केली.

छोटीच होती. पायात चप्पल नव्हती. तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधले होते, तिले सांगतलं असन का कशाले हात लावायचा नाही. तिनं मान पुढं केली.

मले वाटते मी ओरडलो नाही. मी नळीले खांदा मारला. एवढा गुळगुळीत रंधा मारला होता का नळी एका झटक्यात खाली गेली अन् जमिनीकडे पाहाले लागली. पोरगी स्टुलावर दचकली, तिले मी कमरेतून पकडून खाली ठेवलं. कोपऱ्यामागची बकरी तेवढी बोलली.

मी म्हटलं, "मॅडम, मी पाह्यलंच नाही. दोन्ही डोळे मिटले होते. फिल्टर खराब आहे. मी केला."

मॅडमनं टेप काढली. फिल्टर वर धरला. धरला तसाच खाली केला.

"मघाशी बरोबर आहे म्हणालात."

"हो."

त्यांचा आवाज चढला नाही. उलट एवढा खाली गेला का मले पुढं वाकावं लागलं. "मिस्त्री, तिचा डोळा होता."

ती पोरगी तिथंच उभी होती, अजून हात मागं बांधून, आपला नंबर गेला का अजून आहे, हे समजायची वाट पाहत.

सरांनी फिल्टर घेतला, त्याईनंही वर धरून पाह्यला. काय झालं म्हणून विचारलं. मी हिंदीत सगळं सांगतलं. खंडेनवमी, कपाळ, हळद, स्पिरिट. मास्तर लोक खाली पाहाले लागले, एकाले हसू आलं ते त्यानं खोकून टाकलं. सर हसले नाहीत. त्याईनं फक्त "स्पिरिट" हा एक शब्द हळूच परत म्हटला, अन् वहीत लिहून घेतलं. किती लिहिलं, मी पाहून राहिलो होतो. चार ओळी. चार ओळींत मॅडमची कित्येक वर्षं.

दुसरा फिल्टर नव्हता. सगळी शाळा उन्हात उभी होती. मले वाटलं, आता त्या म्हणतील, चला, सामान बांधा. त्या शाळेच्या जुन्या खोलीकडे पाहून राहिल्या होत्या. त्या खोलीवर कवेलू होते, मातीची कौलं. मंग त्याईनं पोरांले रांगेनं आत घेतलं, दार-खिडक्या लावल्या. कवेलूंच्या फटींतून जमिनीवर उन्हाचे कवडसे पडले होते, लांबट-गोल रुपयांसारखे.

मॅडमनं एक पांढरा पुठ्ठा कवडशात तिरपा धरला अन् तो कवडसा एकदम गोल झाला. विचारलं, छताची फट गोल आहे का? पोरं वर पाहाले लागली. नाही. कुठं तिरपी, कुठं फाटकी. मंग हा गोल कुठून आला? मॅडमनं मले आवाज दिला. "मिस्त्री, वर चढा."

मी प्लायचा तुकडा घेऊन छतावर चढलो. पटाशीनं त्याच्यात चौकोनी भोक पाडून कवेलूच्या फटीवर ठेवलं. खालून पोरांचा आवाज आला, "गोलच है." मंग तिकोनी पाडलं. "फिर गोल." मंग मॅडमचा आवाज ऐकू आला, त्या त्याईले सांगून राहिल्या होत्या का भोक कसंही असो, जमिनीवर पडते ते भोकाचं चित्र नाही, सूर्याचं आहे, तुमच्या वर्गात तो रोज येऊन बसते, तुमी त्याच्यावर पाय देऊन जाता. अन् हेही सांगतलं का याच्यात सूर्यावरचे डाग दिसणार नाहीत, त्याच्यासाठी दुर्बीणच लागते, अन् ती आज बिघडली आहे. बिघडली कशी, हे त्याईनं सांगतलं नाही. मधात एक ढग सूर्यावरून गेला, खालून सगळे एकदम "अरे" म्हणाले, कारण पुठ्ठ्यावरचा सूर्य, मले मागून समजलं, कोणी खाल्ल्यासारखा झाला होता.

मी ते काहीच पाह्यलं नाही. मी छतावर होतो. उतरताना दोन कवेलू फोडले ते वेगळे.

परत येताना गाडीत जलेबीचा पुडा तसाच होता. स्टेशनावर सरांची बॅग मी उतरवली. बिघडलेला फिल्टर त्याईनं आपल्या बॅगेत ठेवला होता. ते मले म्हणाले, "आपने नली नीचे की, वो मैंने देखा. आँखें बंद कीं, वो भी देखा." अन् प्लॅटफॉर्मवर गेले. याच्यातलं कोणतं कागदावर जाईन, ते काही बोलले नाहीत.

त्याच्यानंतरचे दिवस मी कसे काढले, ते बायकोले विचारा. मॅडम दुकानावर येईनात. रस्त्यात दिसल्या तर नमस्कार व्हायचा, पुढं काही नाही. मी एका खुर्चीले पाच पाय लावले असते तरी मले समजलं नसतं. बायको रोज विचारे, चिठ्ठी आली का. मी म्हणे, आली तर मले कोण सांगन. ती म्हणे, तुमाले काहून सांगतील, तुमी तर डोळे मिटून ऐकाल.

मंग एक दिवस मॅडम आल्या. हातात कागद. त्याईनं उभ्यानंच वाचून दाखवला. कायमचं केंद्र यंदा नाही. दुर्बीण अजून एक वर्ष जबलपुरात राहील, पाहणीवर. नवा फिल्टर पाठवू, तो कुलूपबंद पेटीत ठेवायचा. तपासायचं काम एका माणसानं नाही, दोघांनी करायचं, दोघांनी सही करायची. अन् हा दोघांचा नियम आता संस्थेच्या सगळ्या केंद्रांले लागू केला आहे. माहं नाव कुठं नव्हतं. पण पूर्ण देशात आता दोन माणसं सही करून राहिली, ती माह्या अंगठ्यामुळे.

"यंदा झालं असतं," मॅडम म्हणाल्या. एवढंच. कागदाची घडी केली.

मी म्हटलं, बिल्ला परत देऊ का. त्याईनं ते ऐकलं नाही का ऐकून सोडलं, माहीत नाही. म्हणाल्या, "पेटी तुम्हीच करा. कुलूप नीट बसवा."

मी सागवानाची पेटी केली. आतून मखमल लावली. कुलूप असं बसवलं का मले स्वतःले उघडता येऊ नये. मॅडमनं नवा फिल्टर आत ठेवला, चाबी फिरवली, पर्समध्ये टाकली. मंग कुलूप ओढून पाह्यलं. परत एकदा ओढून पाह्यलं. माह्या कामाले त्याईनं आधी कधी दोनदा ओढलं नव्हतं.

आता आमी बरगीकडच्या शाळांत जाऊन राहिलो. फिल्टर मॅडम अन् तिथले एक मास्तर तपासतात, सही करतात. मी पाया उचलतो, नळी चढवतो. पुढच्या खंडेनवमीले कुंकू मी पायाले लावलं, तळाच्या फळीले, मॅडमले विचारून. कार्यक्रमात पोरांची रांग संपली का सगळ्यात शेवटी माहा नंबर लागते. मी वाकतो. मॅडम बाजूले उभ्या राहतात अन् विचारतात, "किती?"

डाग मोजल्याशिवाय मले हटू देत नाहीत. चुकलं तर परत पाहा म्हणतात.